एन्नोची पुट्टी

राग आला की माझा आवाज चढतो, हे उत्तर जर्मनीतल्या आमच्या एम्डेनमधल्या निम्म्या गावाला ठाऊक आहे, कारण निम्म्या गावाला मी गणित शिकवलंय. निवृत्त झाल्यावर ही बाई जरा निवळेल, असं माझ्या बहिणीला वाटायचं. कसलं काय. मार्चमधल्या त्या बुधवारी मी एन्नोवर अशी कडाडले की वरच्या मजल्यावरचा गाण्याचा क्लास बंद पडला, आणि त्याबद्दल मला आजही तिळमात्र वाईट वाटत नाही.

झालं काय ते सांगते.

जुन्या शाळेच्या तळघरात आमच्या मंडळाची खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. चांगली मोठी, आत एक माणूस आरामात आडवा होईल एवढी. आम्ही सगळे घरोघरी प्रवाळ पाळणारे लोक, आणि ही टाकी सगळ्यांची मिळून. प्रवाळाचं एक बरं असतं, त्याची फांदी तोडून दुसऱ्या खडकावर चिकटवली की तिथं ती वाढायला लागते. त्यामुळे आमच्यात एकमेकांना तुकडे देणं सतत चालू असतं, आणि ज्यानं तुकडा दिला त्याचंच नाव त्या प्रवाळाला पडतं. "हार्म फार पसरलाय, त्याला छाटायला हवा," असं आम्ही सहज बोलून जातो आणि बेकरीतल्या बाया चमकून बघतात. हार्म म्हणजे आमचा खजिनदार. तो मुळीच पसरलेला नाही, उलट काटकुळा आहे.

या देण्याघेण्याचा एक नियम आहे. कुठं लिहिलेला नाही, पण कधी कुणी मोडलेला नाही. ज्यानं मूळ तुकडा दिला त्यानं परत मागितला, तर आठवडा संपायच्या आत द्यायचा. का हवाय, हे विचारायचं नाही. मागणाऱ्याकडचं मेलेलं असतं, दुसरं कारण नसतंच, आणि ते त्याच्या तोंडून वदवून घेणं बरं दिसत नाही.

टाल्के आमच्यातली सगळ्यांत थोरली, शहाऐंशी वर्षांची. मंडळात सगळे एकमेकांना अरेतुरे करतात, तसं तिलाही करतात. तिचं प्रवाळ म्हणजे हरणाच्या शिंगांसारखं फांद्याफांद्यांचं, हिरवं, आणि शेंडे जांभळे. अंगठ्याएवढ्या तुकड्यापासून तिनं ते वाढवलं आणि आम्हा सगळ्यांना वाटलं. कालव्याकाठच्या वृद्धाश्रमात राहायला जाताना घरचं मूळ प्रवाळ, तिच्या भाषेत झाड, तिनं मंडळाच्या टाकीत आणून ठेवलं. नंतरच्या उन्हाळ्यात ती भयंकर उष्णतेची लाट आली. घरोघरच्या टाक्या तापल्या आणि आमच्याकडचे टाल्केचे तुकडे एकजात गेले. माझाही गेला. उरलं ते फक्त तळघरातलं.

आणि ते तळघरातलं होतं एन्नोच्या ताब्यात.

एन्नो आमचा अध्यक्ष. जन्मभर फरशा बसवल्या त्यानं, गावातली कितीतरी न्हाणीघरं त्याच्या हातची आहेत. हात चांगला आहे, ते मी नाकारत नाही. पण फरशी आणि प्रवाळ यांत फरक असतो हे त्या गृहस्थाच्या डोक्यात शिरत नाही. मागच्या उन्हाळ्यात त्यानं टाकीतले सगळे खडक बाहेर काढले आणि सिमेंट लावून त्यांची एक कमान बांधली. सांध्यांत पुट्टी भरली. ही पुट्टी दोन रंगांच्या कांड्या एकत्र मळून करायची असते, कणकेसारखी, आणि ती पाण्यातही दगडासारखी घट्ट होते. मग टाल्केचं प्रवाळ त्यानं कमानीच्या पार माथ्यावर, दिव्याच्या थेट खाली, पुट्टीत रोवलं. आम्ही म्हणालो, बाबा, आधी नुसतं टेकवून बघ, जागा मानवते का. तो म्हणाला, टेकवलेली वस्तू म्हणजे अर्धवट काम.

कमान दिसायला देखणी झाली. फोटो निघाले, वर्तमानपत्रात आली. आता शेजारच्या गावांची, लेर, आउरिश आणि नॉर्डेनची मंडळं एका रविवारी ती बघायला यायची होती आणि एन्नोच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

पण त्याच्या आधीच, शरद ऋतूत, टाल्केला आश्रमानं खिडकीपाशी एक छोटी टाकी ठेवायची परवानगी दिली. तिनं खडक मांडून घेतले, पाणी तयार केलं आणि निरोप पाठवला, माझा एक तुकडा द्या. दुसरं काही तिला नको होतं. हार्म स्वतःचं घेऊन गेला होता, त्याला तिनं चहा पाजून परत पाठवलं. एन्नो म्हणाला, लगेच देतो. नंतर म्हणाला, नुकतंच चिकटवलंय, जरा धरू दे. नाताळात म्हणाला, पाणी नुकतंच बदललंय. फेब्रुवारीत म्हणाला, आता त्या रविवारनंतरच, फांदी तोडली की आकार बिघडतो. सहा महिने म्हातारीच्या तोंडाला पानं पुसली. वर दर बुधवारी हा तिच्याकडे चहाला जायचा, तिचा सफरचंदाचा केक खायचा आणि सांगून यायचा, छान आहे तुझं झाड, छान वाढतंय.

त्या बुधवारी टाकीची काच पुसायची पाळी हार्मची होती. त्याचा गुडघा धरला म्हणून मी गेले. दार उघडलं तर जमिनीवर पाणी. टाकीखालचं फेस काढणारं यंत्र उतू जात होतं, दूध उतू जावं तसं. आमच्यातल्या कुणालाही विचारा, असा फेस कधी येतो. पाण्यात कुणी ताजी पुट्टी लावली की येतो. आणि आता सगळं बांधून झालं असताना पुट्टी लावायला काय उरलं होतं?

मी स्टुलावर चढले. कमानीच्या माथ्यावर प्रवाळाचं बूड पुट्टीत होतं, ते ठीक. पण ती पुट्टी आता फांद्यांवर चढली होती. जांभळट, खडकाच्या रंगाची, वरून दाताच्या ब्रशनं टोचून खडबडीत केलेली, म्हणजे खालून बघणाऱ्याला तो खडकच वाटावा. महिन्याभरापूर्वी मी पाहिलं तेव्हा ती बोटभर होती. आता पंजाभर होती. मी बाही वर सारली, कोपरापर्यंत हात घातला आणि वरच्या कडेला नख लावलं. ती कड अजून मऊ होती. सोलून आली, आणि आत प्रवाळ पांढरंफटक होतं. नुसता सांगाडा.

खालून वर मरत चाललं होतं ते. आणि जेवढं मेलं तेवढं एन्नो झाकत चालला होता. जिवंत उरले होते फक्त शेंडे.

माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी स्टुलावरून उतरले. तेवढ्यात दार वाजलं आणि एन्नो आत आला. हातात पुट्टीची कांडी, चालता चालता मळत होता. मला बघून त्यानं हात कोटाच्या खिशात घातला. साठीच्या पुढचा माणूस, आणि माझ्या वर्गातल्या पोरानं च्युइंगम लपवावं तसा.

तिथून पुढे गाण्याचा क्लास बंद पडला.

मी काय काय बोलले ते सगळं सांगत बसत नाही. अध्यक्षपद, कमान, फरशा, त्याची अक्कल, काही सोडलं नाही. तो म्हणाला, मेलेल्या भागाच्या कडेला पुट्टी लावली तर कधीकधी मरणं थांबतं, तूही लावली आहेस. खरंय, लावलीय. एकदा लावायची असते, आणि नाही थांबलं तर कटर घेऊन जिवंत भाग तोडायचा असतो. हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच? त्याला दिवा सोसत नाहीय, हलव तिथून, खाली सावलीत ठेव, असं आम्ही सगळे ऑक्टोबरपासून सांगत होतो. पण हलवणार कसं? सगळी कमानच एकसंध करून ठेवलेली. एक खडक काढायचा तर सगळी फोडावी लागली असती.

मी खणातून कटर काढला. तो टाकीसमोर येऊन उभा राहिला.

"गेशे, चार दिवस. रविवार होऊ दे, मग तुला हवं ते कर."

"चार दिवसांनी काय उरणार? पुट्टीचं झाड?"

"मी रोज बघतोय. एवढं भराभर जात नाही ते."

"पंजाभर गेलंय, एन्नो. आता शेंडेच आहेत. हो बाजूला."

तो बाजूला झाला नाही. मान खाली घालून उभा राहिला, आणि मग जे बोलला त्यानं मी आणखीच भडकले. म्हणाला, रविवारचं सोड, रविवार गेला खड्ड्यात. "मला तिला सांगता येत नाही. दर बुधवारी ठरवून जातो. ती चहा ओतते, विचारते, कसं आहे माझं झाड. आणि माझ्या तोंडून छान असंच निघतं. एकदा छान म्हटल्यावर मग पुढच्या बुधवारी काय म्हणणार?"

"म्हणजे तुझी जीभ उचलत नाही म्हणून तिचं शेवटचं प्रवाळ मरू द्यायचं?" मी विचारलं. "गावात दुसरा तुकडा नाही, एन्नो. हा गेला की टाल्के गेली."

मी ते प्रवाळाबद्दलच बोलले होते, पण तो एकदम सरकला.

मी तीन शेंडे कापले, जिथं रंग पुरा जिवंत होता तिथून, जरा वरच. चौथा कापायला गेले तर हातातच पांढरा निघाला. तुकड्यांची बुडं कपड्यानं कोरडी केली, प्रत्येकाला थेंबभर झटपट गोंद लावला आणि एकेका बटणाएवढ्या चकतीवर बसवला. दोन माझ्या घरच्या टाकीसाठी डब्यात ठेवले, कारण सगळी भिस्त एकाच टाकीवर ठेवायची चूक पुन्हा करायची नव्हती. तिसरा बरणीत. कमानीच्या माथ्यावर उरला तो पांढरा खुंट आणि त्याच्याभोवती जांभळी पुट्टी. रविवारी पाहुणे बघतील, तर बघू देत.

मग मी एन्नोला म्हणाले, गाडीत बस. तो म्हणाला, मी नंतर येतो. मी म्हणाले, बुधवार आहे, केक वाट बघत असेल, बस गाडीत.

आधी आम्ही माझ्या घरी थांबलो, दोन तुकडे टाकीत सोडले. तिथून कालव्यापर्यंत तो माझ्या शेजारी बसून होता. बरणी दोन्ही हातांत धरून, कोटाखाली, पाणी गार होऊ नये म्हणून. बोलत होते ती मीच. सगळी वाटभर बोलत होते.

टाल्केच्या खोलीत खिडकीपाशी ती टाकी चालू होती. पंप फिरत होता, दिवा लागला होता, आत खडक आणि चारदोन गोगलगाई, बाकी रिकामी. सहा महिने ती बाई रिकाम्या टाकीचं पाणी बदलत होती. मला बघून तिनं तिसरा कप काढला, खडीसाखरेचे खडे टाकले, वरून कडक चहा ओतला आणि कडेनं साय सोडली. बरणी तिनं पाहिली होती, पण विचारलं काही नाही.

मी सुरुवात केली. या माणसानं काय केलंय ऐक टाल्के, म्हणाले. तिनं हात वर केला.

"गेशे, तू चहा पी. त्याला बोलू दे."

मला बोलू नको म्हणणारे लोक फार थोडे आहेत. मी चहा प्यायले.

एन्नो बोलायला लागला. आधी कमानीच्या बाजूनं, मग दिव्याच्या बाजूनं, आणि शेवटी मुद्द्यावर आला. ऑक्टोबरात बूड पांढरं दिसलं. पुट्टी लावली. थांबलं नाही. आणखी लावली. त्याचं सांगून झालं तेव्हा त्याच्या कपातला चहा गार झाला होता आणि केकला त्यानं हात लावलेला नव्हता.

"मला माहीत होतं," टाल्के म्हणाली.

एन्नोनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी सांगितलं नव्हतं.

"कुणी सांगायला कशाला हवं? पन्नास वर्षं या लोकांत काढली मी. प्रवाळवाला माणूस कधी छान आहे म्हणतो का? शेवाळ आलंय म्हणतो, शेंडे जळले म्हणतो, पंप बिघडला, पाणी गढूळ, माशानं कुरतडलं. ज्याचं सगळ्यांत झकास असतं तो सगळ्यांत जास्त रडतो. तू ऑक्टोबरच्या आधी दर बुधवारी माझ्यासमोर रडायचास. आणि एके दिवशी येऊन म्हणालास, छान. तेव्हाच कळलं, गेलं."

"मग तू बोलली का नाहीस?" एन्नोनं विचारलं.

तिचा आवाज चढला नाही. माझा चढतो, तिचा खाली उतरतो, आणि ते जास्त वाईट.

"मी बोलायचं? दर बुधवारी मी तुकडा मागत होते. का मागत होते? मेलेल्याचा तुकडा मिळत नाही हे मला कळत नाही? तुला बोलायला जागा करून देत होते. इतक्या वेळा दार उघडलं, आणि तू आत येऊन केक खाऊन गेलास."

एन्नोनं केकची बशी दूर सारली.

"माझ्या हातून किती मेली याचा हिशोब नाही," ती म्हणाली. "मरतात. ते सांगायला लाज कसली? लाज याची वाटायला हवी, की मी म्हातारी झाले म्हणून तू मला फक्त चांगल्या बातम्या द्यायला लागलास. इथं सगळे तेच करतात. जेवण छान, हवा छान, टाल्के तू छान दिसतेस. डॉक्टर येतो, तोही छान म्हणतो. मला वाटलं, एक माणूस बुधवारी येतो तो तरी मला अजून माणसात धरतो."

माझा सगळा राग तिथं थिटा पडला. मी एका झाडासाठी ओरडत होते.

मग टाल्के म्हणाली, आणलाय ना, मग ठेव आत, बरणीत गार होईल. एन्नो उठला, बाही सारली, बरणीतून चकती अलगद उचलली. खडकावर जागा शोधली, पंपाची धार लागेल पण मारा बसणार नाही अशी. आणि दुसरा हात सवयीनं खिशात गेला. ती मघाची पुट्टी दगड झाली होती. त्यानं नवी कांडी काढली.

"ती ठेव बाजूला," टाल्के म्हणाली. "चिकटवायचं नाही. नुसतं टेकव."

"पडेल. या गोगलगाई रात्रीतून पाडतील."

"पाडू देत."

"वाळूत पालथा पडला तर दोन दिवसांत मरेल, टाल्के. तुझा हात तळापर्यंत पोचत नाही."

"नाही पोचत. म्हणून तू येशील आणि सरळ करशील. बुधवारी नाही, रोज सकाळी. आणि रोज मला सांगशील, त्याचं काय बिघडलंय ते. छान हा शब्द या खोलीत चालणार नाही."

मी म्हणाले, मी जवळ राहते, मीच येत जाईन, याचा काय भरवसा. टाल्केनं माझ्याकडे बघितलं.

"तू नको. तू दुसऱ्याच दिवशी वैतागून चिकटवून टाकशील."

एन्नोनं चकती टेकवली. हात बाहेर काढला, पाण्याकडे बघत राहिला, परत घातला आणि केसभर फिरवली. त्या हातांना नुसतं टेकवणं माहीतच नव्हतं.

हा बाबा जातो की नाही ते बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी मी आश्रमात हजर. जाणार नाही, अशी माझी खात्री होती. काय बोलायचं तेही घरून ठरवून निघाले होते. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. एन्नो आधीच आला होता, कोट खुर्चीवर, बाही कोपराच्या वर, नाक काचेला. तुकडा पडलेला नव्हता. जिथं ठेवला होता तिथंच ताठ उभा होता. त्याला करायला काही कामच नव्हतं, सरळ छान म्हणून घरी जाता आलं असतं.

टाल्केनं पलंगावरून विचारलं, कसं आहे.

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "डावीकडचं टोक फिकं पडलंय. मला नाही आवडलं ते. बहुतेक जगणार नाही."

"बरं," टाल्के म्हणाली, आणि त्याच्या कपात खडीसाखर टाकली.